चेहऱ्याला हात न लावता

"आधी कानातले काढ," सर म्हणाले.

फोटोवाल्याने माउस फिरवला, कानातले गेले. मेलेल्यांचे मिटलेले डोळे उघडणं, उघड्या अंगावर कोट चढवणं, जन्मभर न पटलेल्या नवराबायकोला खांद्याला खांदा लावून बसवणं, ही त्याची रोजची कामं. त्या मानाने हे सोपं होतं. सरांचा मुलगा काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. परवा परगावाहून तो वारल्याचा निरोप आला, आणि सामानात त्याचा हा एकच फोटो मिळाला: लांब केसांची, मान मागे टाकून हसणारी तरुणी. उद्या माणसं भेटायला येणार होती. भिंतीवर मुलगा हवा होता.

केस कमी होत गेले तसे सर आपणहून बोलू लागले. सातव्या आठवड्यापर्यंत सगळे गर्भ दिसायला सारखेच. मग शरीर एका वाटेला लागतं. मेंदू घडत राहतो तो पार नंतरपर्यंत. आपण कोण, हे आतून कसं ठरतं, ते विज्ञानालाही अजून पुरतं उमगलेलं नाही. फोटोवाल्याला फळ्यावरची ती सुरेख आकृती आठवली. जीवशास्त्र तो सरांकडेच शिकला होता.

"घर सोडताना पोरगंही हेच म्हणालं," सर म्हणाले. "बाबा, तुम्हीच तर शिकवलंत. मी म्हटलं, ते परीक्षेपुरतं."

ड्रेसच्या जागी शर्ट आला. प्रिंट निघाली. ती हातात घेण्याआधी सरांनी मूळ फोटो कागदाच्या पट्ट्या करणाऱ्या यंत्रात घालायला लावला. कॉम्प्युटरमधलाही पुसून घेतला, उभं राहून खात्री केली. बायकोच्या नजरेला पडायला नको होता. सर पहिल्यापासून काटेकोर.

मग ते प्रिंट घेऊन खिडकीशी गेले. आखूड केस, कडक कॉलर. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती.

"हे हसू तू बसवलंस?"

"नाही सर. चेहऱ्याला हातच नाही लावला."

सरांनी प्रिंट उजेडाकडे कलती केली.

"माझा मुलगा असा कधी हसलाच नाही," ते म्हणाले.

यंत्राखालच्या टोपलीत दिवसभराचे फसलेले पासपोर्ट फोटोही पट्ट्या होऊन पडले होते. सर गुडघे टेकून टोपलीपाशी बसले आणि पट्ट्या चाळू लागले.

"यातल्या माझ्या मुलीच्या कुठल्या रे?"