काठावरचे मार्क

आई गेल्यापासून घरात दोघंच होते, ती आणि बाबा. तिला दूरच्या शहरातल्या विद्यापीठात एम.एस्सी. करायचं होतं. प्रवेशपरीक्षेची तयारी कुठवर आलीय ते कळावं म्हणून ती दर रविवारी एक सराव पेपर सोडवायची. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. घड्याळ लावून समोर बसायचे आणि लगेच पेपर तपासून द्यायचे. दर वेळी चार-पाच मार्क कमी पडायचे.

"थोडक्यात हुकलं बघ. अजून एक पेपर देऊन बघू, मग फॉर्म भर."

फॉर्मची मुदत संपायला चार दिवस उरले, तेव्हा आपलं नेमकं कुठे चुकतंय हे शोधायला तिने सगळे जुने पेपर उत्तरसूचीशी ताडून पाहिले. प्रत्येक पेपरात तिची काही बरोबर उत्तरं बाबांनी चूक दिली होती.

तिने गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. रागवायचं होतं, पण जमलं नाही.

"बाबा, चष्म्याचा नंबर वाढलाय का तुमचा?"

बाबांनी चष्मा काढून गठ्ठ्यावर ठेवला.

"नंबर तोच आहे गं," ते म्हणाले. "तुझी तयारी कधीच झाली होती. माझी होत नव्हती."