जुलैची जागा

ईश्वरीला अमेरिकेतल्या दोन ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांनी प्रवेश देऊ केला होता. नावाजलेलं कॉलेज येत्या जुलैतच सुरू होणार होतं. दुसरं साधंच होतं, पण वर्षभराने आलीस तरी जागा ठेवू म्हणत होतं.

"दुसरंच घे," बाबांनी हेका धरला. "एक वर्ष राहा की इथे दोहात, आमच्यापाशी."

"बट व्हाय, बाबा?"

बाबांनी आईकडे पाहिलं.

"वर्ष कशाला वाया घालवायचं?" आई म्हणाली. "जुलैचंच घे. खलास!"

ऑस्टिओपॅथीत हाताने चाचपून दुखणं ओळखायला शिकवतात. अर्ज भरले तेव्हापासून ईश्वरी व्हिडिओ बघून आईवरच सराव करायची. "या डॉक्टरीणबाई, बघा आमची मान," म्हणत आई हौसेने पुढ्यात येऊन बसायची. हल्ली महिनाभर मात्र सरावाच्या वेळी आईला रोज काहीतरी काम निघायचं.

ईश्वरीने लॅपटॉप उघडला, जुलैच्या कॉलेजला होकार आणि दुसऱ्याला नकार कळवून टाकला. बाबा उठून बाल्कनीत गेले. आनंदाच्या भरात तिने मागून आईच्या गळ्यात हात टाकले. बोटं सवयीने मानेवरून खाली उतरली आणि कॉलरबोनच्या वर एका टणक गाठीशी येऊन थांबली.

आईने तिचा हात हळूच बाजूला केला.

"दुसऱ्या कॉलेजला नकार गेला ना गं नक्की?"