विल्माबाईंच्या माळ्यावरची हवा

पोलिसाने शिडीवरून माळ्यात डोकं घातलं आणि बारीक शिट्टी वाजवली. वासाची तक्रार आली म्हणून तो आला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या विल्माबाईंकडे खिडकीत गांजाच्या दोन-चार मरतुकड्या कुंड्या सापडतील, एवढीच त्याची अपेक्षा. इथे चंदेरी कापडाचा तंबू होता. आत दिवे, दोन पंखे, दमट हवा शोषून घेणारं यंत्र, तीन ठिकाणी सेन्सर आणि भिंतीवर आठ आठवड्यांचा रंगीत ग्राफ. झाडं पाचच होती, पण काय झाडं!

"पाच कुंड्यांपर्यंत आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो," तो खाली उतरून म्हणाला. "फार तर रोपं उचलतो आणि जातो. पण हे घरगुती नाही. हे कुणा प्रोफेशनलचं काम आहे. कुणाचं?"

शेजारच्या घरातला श्रीहर्ष जिन्यापाशी उभा होता. त्याच्या छातीत धस्स झालं आणि त्याच छातीत कुठेतरी जरा बरंही वाटलं. आइंडहोवनच्या एका कंपनीत चिप बनवायच्या यंत्रांभोवतीची हवा तो अकरा वर्षं सांभाळत होता. तापमान पाव अंशाने हललं तरी त्याला घाम फुटायचा. पण प्रोफेशनल असं त्याच्या मॅनेजरने त्याला आजवर एकदाही म्हटलं नव्हतं.

तसा श्रीहर्ष निर्व्यसनी. गांजा सोडा, सुपारीचं खांडही तो तोंडात टाकत नसे. चुकणाऱ्याला चुकतंय म्हणून सांगितल्याशिवाय मात्र त्याला अन्न गोड लागत नसे. मूळचा पुण्याचा, त्याला तरी किती दोष द्यायचा! दोन महिन्यांपूर्वी तो विल्माबाईंकडे ठेवलेलं आपलं पार्सल आणायला गेला, तेव्हा बाई पानांवरची पांढरी बुरशी फडक्याने पुसत बसल्या होत्या. गुडघेदुखीवर उतारा म्हणून त्या ही रोपं लावत.

"दरवर्षी येते. चालायचंच," बाई म्हणाल्या.

"चालायचं कसं?" श्रीहर्ष म्हणाला, आणि शनिवारी सेन्सर घेऊन हजर झाला. पुढच्या शनिवारी पंखे आले. त्याच्या पुढच्या शनिवारी तंबू. दिवसाचं तापमान वेगळं, रात्रीचं वेगळं, रोपटं लहान असताना हवा दमट, मोठं झालं की कोरडी, असं सगळं त्याने बाईंना तक्ता काढून समजावलं. बाईंनी मान डोलावली आणि कॉफी केली. इकडे त्याच्या स्वतःच्या बाथरूमच्या छताला तीन वर्षं काळी बुरशी होती आणि सांगून सांगून त्याच्या बायकोचं, उत्तराचं, तोंड दुखलं होतं. पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मिळाल्या की घरच्या तव्याकडे कोण बघतो!

आता उत्तरा त्याचं कोपर घट्ट धरून उभी होती. कारण येत्या गुरुवारी खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, श्रीहर्षचा डच नागरिकत्वाचा शपथविधी होता. भाषेच्या परीक्षेतून तो तिसऱ्या खेपेला सुटला होता. सूट इस्त्री होऊन आला होता. पोलिसांच्या कागदावर नाव गेलं की सगळं मुसळ केरात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तू एक अक्षर बोलायचं नाहीस," ती मराठीत पुटपुटली. "गुरुवारपर्यंत तुला तोंडच नाही असं समज."

"मी केलं," विल्माबाई म्हणाल्या.

"सगळं?" पोलिसाने त्यांच्या काठीकडे बघितलं.

"सगळं. व्हिडिओ बघून. माझ्याकडे वेळच वेळ आहे."

श्रीहर्षला भरून आलं. ना रक्ताची ना नात्याची, आणि ही बाई त्याच्यासाठी बेधडक खोटं बोलत होती. पोलिसाचा तिच्यावर काडीचाही विश्वास बसला नव्हता. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कोर्टात उभं करायची हौस त्यालाही नव्हती. त्याने जबाबाचा कागद काढला आणि डायनिंग टेबलाशी बसून लिहू लागला. दिवे लिहिले. पंखे लिहिले.

"आणि ह्युमिडिटी किती ठेवायचात?"

विल्माबाईंनी क्षणभर छताकडे बघितलं. "सत्तर टक्के," त्या ठणकावून म्हणाल्या. "फुलं धरली की ऐंशी."

पोलिसाने निमूटपणे लिहून घेतलं. "सामान आणि रोपं जप्त. तुम्हाला ताकीद. इथे खाली सही करा, विषय संपला."

बाई चष्मा आणायला आतल्या खोलीत गेल्या. पोलीस खिडकीतून आपल्या गाडीकडे बघत उभा राहिला. उत्तराने मोठा श्वास सोडला, आणि त्याबरोबर नवऱ्याचं कोपरही.

श्रीहर्ष टेबलाजवळ गेला. कागदावर ऐंशी लिहिलेलं होतं. फुलोऱ्याला ऐंशी! त्याने गुरुवार आठवून बघितला. सूट आठवून बघितला. चार वेळा तोंड फिरवून पडद्याकडे बघितलं. मग त्याने पोलिसाचं पेन उचललं, ऐंशीवर एक सरळ आडवी रेघ मारली, वर पंचेचाळीस लिहिलं आणि कंपनीत प्रत्येक दुरुस्तीशेजारी करतात तशी तारीख घालून आपली पूर्ण नावाची सही ठोकली.