अळणी जेवण

मुलुवर्क दारात आली, अस्नाकेचच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि गरम पावाची परडी पुढे ठेवून बसली. अस्नाकेचला काही कळेना. शेजारीण असली म्हणून काय झालं? मोरीच्या पाण्यावरून या बाईनं तिच्याशी कित्येक पावसाळे अबोला धरला होता. वाटेत समोरून आली तर रस्ता ओलांडून पलीकडे जायची. आणि आज एकाएकी मुके?

अस्नाकेच कॉफीचे दाणे भाजत होती. तेवढंच काम नवऱ्यानं तिच्याकडे ठेवलं होतं. शनिवारी सरकारी दवाखान्यात तिच्या पोटाची सोनोग्राफी झाली तेव्हापासून तेगेन्येनं चूल हाती घेतली होती. लग्न झाल्यापासून हा गृहस्थ चुलीकडे फिरकला नव्हता. बाप्याच्या हातचं शिरोचं पिठलं, त्यात मीठ नसणारच, असं म्हणत तिनं आधी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशीही अळणी, तिसऱ्या दिवशीही अळणी, आणि मिठाचा डबा फळीवरून गायब. विचारलं की म्हणायचा, वायू धरलाय, डॉक्टर पथ्य पाळायला सांगतात.

वायू. तिला ते मशीन आठवलं. पोटावर गार चीक लावून डॉक्टरीणबाई ते उजव्या कुशीत एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या होत्या. मग तिला पुसून बाहेर बसायला सांगितलं आणि नवऱ्याला आत बोलावलं. वायूसाठी कुणी नवऱ्याला आत बोलावतं?

दाणे कुटून, उकळून तिनं पहिली कॉफी ओतली आणि मुलुवर्कला कप दिला, पण हातातून सोडला नाही.

"मरियमची शपथ घालते तुला. मला काय झालंय?"

मुलुवर्कनं चुलीपाशी बसलेल्या तेगेन्येकडे पाहिलं. तेगेन्येनं जमिनीकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतेस? शपथ तुला घातलीय."

"एक किडनी लहान निघाली म्हणे," मुलुवर्क कपाकडे बघत म्हणाली. "वाळक्या घेवड्याएवढी. मी कुणाला सांगितलं नाही हो. इद्दिरच्या बायकांना माझ्याआधीच ठाऊक होतं."

इद्दिर म्हणजे गल्लीतलं मयतीचं मंडळ. कुणी गेलं की मांडव घालायचा, भांडी काढायची, रडायला बसायचं, हे त्यांचं काम. अस्नाकेचच्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे परवा मंडळाच्या बायका उगाच अंगणात डोकावून गेल्या नव्हत्या. मांडव कुठवर येईल ते बघून गेल्या होत्या.

"मंडळाला कळवलंत?" तिनं नवऱ्याला विचारलं.

तेगेन्ये चाचरत म्हणाला की फक्त प्रमुखाच्या कानावर घातलं होतं, आधार म्हणून. पाद्रीबाबांना सांगितलं, प्रार्थनेसाठी. अदिस अबाबाहून तिची बहीण रविवारी यायची होती. ती आली की पहाटे सगळ्यांनी जमून अस्नाकेचला सांगायचं ठरलं होतं. रीतच होती ती, वाईट बातमी माणसाला एकट्यानं ऐकू द्यायची नाही.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? त्यांचे शब्द सांगा, तुमचे नकोत."

"म्हणाल्या, जन्मापासूनही लहान असेल. दुसरी धड असेल तर माणूस आयुष्य काढतं. आणि धड आहे का, ते रक्त तपासल्यावर कळेल."

"कधी तपासायचं होतं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे. का नेलं नाहीत?"

"नेलं असतं तर तुला कळलं असतं ना."

अस्नाकेच त्याच्याकडे बघत राहिली. किती साळसूद चेहरा. डोळे सुजलेले, बोटं चुलीनं भाजलेली. तिला कळत होतं की हा माणूस आठवडाभर झोपला नाही, आणि तेच कळत असल्यामुळे ती जास्त चिडली. तिला भीतीही वाटत होती.

"माझ्या पोटातली किडनी," ती म्हणाली, "आणि मी सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक. तुम्ही तिची काळजी करत बसलात, पण ती चालते का बंद पडली, हे बघायचं तेवढं राहिलं. उठा. बारापर्यंत रक्त घेतात तिथं."

"बहीण तरी येऊ दे गं."

"तिला तिकडंच यायला सांगा."

पाहुण्याला कॉफी तीनदा ओतायची रीत असते. तिनं दुसऱ्यांदाही ओतली नाही. निखाऱ्यांवर राख सारली, खुंटीवरची ओढणी घेतली, आणि तेव्हा तिचं लक्ष मुलुवर्कच्या ओढणीकडे गेलं. रंगीत काठ वर, गळ्याशी गुंडाळलेला. मयताला जाताना बायका घेतात तसा. बिचारीनं घाईत सवयीनं तसाच घेतला असेल.

"काठ खाली कर," अस्नाकेच म्हणाली. "मी अजून जिवंत आहे. आणि ती तुझी मोरी आधी बुजव. पाव आणलास म्हणून ते घाण पाणी मी अंगणात घेणार नाही."

मुलुवर्कचा चेहरा लालबुंद झाला. तिनं ओढणी झटक्यात सोडली.

"माझी मोरी? तुझ्याच अंगणाला उतार आहे, त्याला मी काय करू? चार टोपल्या माती टाकायला होत नाही तुला आणि वर मलाच शहाणपण शिकवतेस. पाव परत दे माझा!"

तेगेन्ये हात जोडून तिला गप्प करायला धावला.

"बोलू द्या तिला," अस्नाकेच म्हणाली. चपला पायात सरकवत ती ऐकत राहिली. आठवडाभरात तिच्याशी पहिल्यांदाच कुणीतरी धड बोलत होतं.