मागचं दार

दुसरं महायुद्ध संपलं आणि अख्ख्या अमेरिकेला एकदम गाड्या हव्या झाल्या. डेट्रॉइटच्या कारखान्यात दारांच्या कड्या बसवणारा लुडविक जेवताना हसत सांगायचा, "स्क्रू पिळत बसायला वेळ कुणाला आहे? हातोडीचा एक घाव, की बसला आत!"

"तू नि हातोडी!" त्याची बायको यादविगा म्हणायची. "घरातला एक खिळा सरळ नाही तुझा. सगळ्यांनी डावीकडे मान टाकलीये."

आज नंबर लागून त्याच कारखान्यातली त्यांची नवी गाडी दारात आली. पहिल्याच फेरीत, भर वेगात, मागचं दार खडखडलं. त्याला रेलून बसलेली हालिन्का किंचाळली, "आई, दार उघडतंय!"

यादविगाने मागे झेपावून लेकीचा फ्रॉक मुठीत धरला. "थांबव! लुडविक, गाडी थांबव!"

गाडी थांबली. पोर आईच्या गळ्याला घट्ट बिलगली. लटकणारी कडी बघून लुडविक ओरडला, "कुठल्या गाढवानं ठोकलाय हा स्क्रू? जीव गेला असता माझ्या पोरीचा!"

यादविगाने वाकून पाहिलं.



स्क्रूने डावीकडे मान टाकली होती.