थर्मासचं झाकण

निघायच्या दिवशी सकाळी तिने खाली दुकानात येऊन शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर मावशींनी वर्षभर वापरायला दिलेलं सगळं मांडलं. पांघरूण, छत्री, उशी, थर्मास. आणि वर खोक्यातली नवीकोरी इस्त्री.

"ही तुम्हाला, मावशी. माझ्या आजारपणात किती केलंत तुम्ही! कुणाचं काही बाकी ठेवून जायला नको वाटतं."

मावशींनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं. वर्षभर त्यांच्या माळ्यावर राहिलेली ही मुलगी मानववंशशास्त्राची अभ्यासक. गल्लीतली माणसं काय कामं करतात, कोण कुणाला काय देतं आणि बदल्यात काय घेतं, हे बघायला आलेली. मावशी गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आमच्या उठाठेवी बघायचा पगार मिळतो हिला!"

आज मात्र त्या हसल्या नाहीत.

"माझं काही चुकलं का गं?"

"छे! असं का विचारता?"

"मागच्या गल्लीतल्या दोघी जावा भांडल्या, तेव्हा धाकटीने थोरलीची चाळणीसुद्धा परत पाठवली होती. त्यानंतर बोलणं नाही की चालणं नाही."

चाळणीची हकीकत तिला पाठ होती. देणंघेणं पुरतं फिटलं की येणंजाणंही थांबतं, हे तिनेच त्यावरून परिषदेत ठासून सांगितलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या. आणि आता ही शहाणी स्वतःच इस्त्री घेऊन उभी होती.

ती तापाने फणफणली होती तेव्हा मावशी यंत्र बंद ठेवून तिच्या उशाशी बसल्या होत्या. याच थर्मासमधलं कोमट पाणी चमच्या-चमच्याने पाजत होत्या. आईनेही याहून जास्त काय केलं असतं? तिचे डोळे भरून आले. हे फिटायला नकोच होतं तिला.

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला.

तिने थर्मास उचलला, झाकण फिरवून काढलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. थर्मास होता तिथे ठेवून दिला.

"अगं, हे काय? माझा चहा गार होईल ना!"

"होऊ दे. रोज माझ्या नावाने खडे फोडा. आणून देईन मी परत."

"कधी?"

"ते नाही सांगत."

मावशी बघतच राहिल्या. मग "चोरटी कुठली!" म्हणत त्यांनी इस्त्रीचं खोकं स्वतःकडे ओढलं. "ही मात्र ठेवते हो. जुनी मेली चटके देते."

ती दाराबाहेर पडली, तेव्हा एक गिऱ्हाईक आत शिरत होतं. मावशी थर्मासच्या तोंडावर कापडाची चिंधी दाबून बसवत होत्या.

"झाकण कुठं गेलं, मावशी?"

"भाचीने नेलंय," मावशींचा आवाज तिला रस्त्यावर ऐकू आला. "आणून देईल की. घाई कसली?"