हात न लावता

उधन्याच्या ऑफिसात बसून पलसाण्याच्या मिलमधला कॉम्प्युटर आपोआप चालवणारा प्रोग्राम शेठने आणला, आणि सुलभाचं टायपिंग बंद झालं. स्क्रीनवरचा बाण आपला आपण फिरायचा, चलनं आपली आपण भरली जायची. फक्त माउस काही वेळ हलला नाही आणि इकडची स्क्रीन लॉक झाली, की तिकडचं सगळं काम जागच्या जागी ठप्प. ते दुरुस्त करून घ्यायला खर्च येतो म्हणून शेठने सुलभालाच पहाऱ्यावर बसवलं. मधूनमधून माउस हलवायचा, खुर्चीवरून उठायचं नाही. महिनाभर ती पाणीसुद्धा घोट-घोट पीत होती, बाथरूमला जावं लागू नये म्हणून.

आज शेठ एका व्यापाऱ्याला हे नवल दाखवायला घेऊन आला.

"जुओ, बघा, कोणाचा हात पण लागत नाही! या बेन तर नुसत्या बसून पगार खातात. पहिल्या तारखेपासून यांना पण छुट्टी."

सुलभाची कानशिलं तापली. ती उठली, पाण्याची अख्खी बाटली घटाघटा प्यायली आणि बाहेर निघून गेली. शेठ हाताची घडी घालून पाहुण्यापुढे ऐटीत उभा राहिला.

ती परतली तेव्हा स्क्रीन लॉक झालेली, पाहुणा गालातल्या गालात हसत होता आणि शेठ लालबुंद.

"सुलभाबेन! शुं थयुं मशीनला?"



"मशीनला काही झालं नाही, शेठ. मी बाथरूमला गेले होते."